चांदोलीच्या आतल्या गावात वाढलेल्या आजीनं सांगितलेली झाडं आणि जनावरं, ओळखायला मदत हवी आहे

वारणेकाठची

नमस्कार मंडळी, मी इस्लामपूरला असते. माझ्या आईचं माहेर आता चांदोली नॅशनल पार्कच्या आत आहे, म्हणजे गाव आता नाहीच. आधी धरणात खालची भाताची शेतं गेली, मग अभयारण्य झालं आणि शेवटी गावच उठलं. आजी (आईची आई) आता ७८ वर्षांची आहे, गेली कित्येक वर्षं खाली पुनर्वसनाच्या वसाहतीत मामाकडं राहते. गुडघे गेलेत पण डोकं एकदम शाबूत आहे.

तर झालं असं की गेल्या महिन्यात तिच्याकडं चार दिवस राहिले, तेव्हा संध्याकाळी ती रानाबद्दल बोलायला लागली की मी मोबाईलवर रेकॉर्ड करत होते. ती जी नावं घेते त्यातली निम्मी मला कळतच नाहीत आणि नेटवर शोधलं तर भलतंच काहीतरी येतं. उदाहरणार्थ ती म्हणते घराच्या मागं "अंजनाचं काळोखं रान" होतं, तर अंजन टाकलं की खानदेशातलं कुठलं तरी कोरड्या रानातलं झाड येतं. "आळू खायला जायचो" म्हणते तर भाजीच्या अळूचे फोटो येतात, पण ती तर झाडावर चढून काढायचे म्हणते. बाकी नावं अशी: पिसा, गेळा, तोरणं, नरक्या, कारवी. जनावरांत भेकर आणि पिसोरी ही ती वेगवेगळी सांगते, आम्हाला वाटायचं एकच. शिवाय कोळसुंदा, शेकरू, खवल्या. आणि वाघ म्हणत नाही, "थोरला" म्हणते.

कारवीबद्दल तिनं एक वाक्य म्हटलं ते डोक्यातनं जात नाहीये. "भूकंपाच्या दुसऱ्या साली कारवी फुलली, सगळा डोंगर निळा, त्या साली तुझी आई झाली."

मला फेब्रुवारीत तिला एकदा आत घेऊन जायचंय, गाडीतनं का होईना. ही नावं नीट कळली तर तिच्यासोबत बघता येईल, आणि लिहूनही ठेवता येईल, कारण मामाच्या पोरांना यातलं एकही झाड माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

पानफूल

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी कऱ्हाडला २८ वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, आता रिटायर आहे. दरवर्षी पोरांना घेऊन कोयना आणि चांदोलीच्या बाजूला जायचो, तेव्हा आमच्यासोबत जो गावचा माणूस असायचा तो आम्हाला शिकवायचा आणि मी फक्त लॅटिन नाव सांगायचो. त्यामुळं आजींची यादी बघून फार बरं वाटलं.

अंजनाचा घोळ आधी सोडवू. खानदेश-विदर्भाकडचा अंजन वेगळा, तो कोरड्या रानातला, आणि आजींचा तो अंजनी. मेमेसायलॉन. आपल्या घाटमाथ्याच्या जंगलाचं मुख्य झाडच ते. पाचगणी-महाबळेश्वरपासनं खाली कोयना, चांदोलीपर्यंत जे सदाहरित जंगल आहे त्याला अभ्यासात जांभूळ-अंजनी-पिसा याच तीन झाडांवरनं नाव दिलंय, म्हणजे आजींनी न शिकता बरोबर जंगलाचा प्रकारच सांगितला तुम्हाला. अंजनीचं पान जाड, चकचकीत, गर्द हिरवं, कधी एकदम गळत नाही, म्हणून खाली ऊन उतरत नाही आणि म्हणून "काळोखं रान". लाकूड एवढं टणक की कुऱ्हाड उसळते. वाऱ्याच्या तोंडावर असेल तर झाड खुजं राहतं, दऱ्यात असेल तर चांगलं वाढतं. आणि फेब्रुवारीत जाताय ते फार चांगलं, कारण साधारण तेव्हापासनं उन्हाळाभर त्याला फुलं येतात, ती फांदीच्या टोकाला न येता सरळ खोडावर आणि जुन्या फांद्यांवर गुच्छानं चिकटून येतात, निळी-जांभळी, एखाद्यानं रंगवल्यासारखी. आजींना ते दिसलं तर तेवढ्यासाठी फेरी वसूल.

पिसा म्हणजे ॲक्टिनोडॅफ्ने. याची ओळख अशी की फांदीच्या टोकाला पानांचा झुबका असतो आणि कोवळी पानं आधी खाली लोंबतात, मऊ लव असलेली, हात लावला तर सशाच्या कानासारखी, मग हळूहळू वर उठतात आणि हिरवी होतात.

आळू हे भाजीचं नाहीच. ते काटेरी छोटं झाड आहे, फळ लहान चिकूएवढं, पिकलं की तपकिरी आणि आतनं गुळमट. गावाकडच्या बाजारात अजून कधीकधी म्हाताऱ्या बायका पाटीत घेऊन बसलेल्या दिसतात. गेळा पण त्याच कुळातला, पण तो खायचा नाही! फळ पिवळं, पेरूसारखं दिसतं, आयुर्वेदात त्याला मदनफळ म्हणतात आणि ते ओकारी काढायला वापरायचे. ओढ्याच्या डोहात गेळा कुटून टाकला की मासे गुंगून वर यायचे, हे आजींना विचारा, नक्की सांगतील.

तोरणं म्हणजे बोरीच्या जातीतली काटेरी वेल-झुडूप, पांढरी फळं, उन्हाळ्यात. फेब्रुवारीत कदाचित हिरवी असतील.

नरक्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण हा विषय मला टोचतो. फुलांना घाण वास येतो म्हणून हे नाव. गावात याला फार किंमत नव्हती, पण त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य आहे ज्याच्यापासनं कॅन्सरवरची औषधं करतात, आणि हे बाहेर कळल्यावर सह्याद्रीतनं नरक्या पोत्यानं बाहेर गेला. झाड मुळासकट उपटायचे, तुकडे करून ट्रकमध्ये. पूर्वी ज्या ओढ्यांच्या कडेला पोरांना सहज दाखवायचो तिथं नंतर नंतर खड्डे दिसायचे. आता संरक्षित भागात राहिलंय तेवढंच चांगलं राहिलंय. मूळ पोस्टमध्ये तुम्ही ठिकाण लिहिलं नाहीत ते बरं केलंत, पुढंही नरक्या नेमका कुठं दिसला ते कुणी इथं लिहू नका अशी कळकळीची विनंती.

कारवीवर वेगळं लिहितो, जरा हिशोब करायचाय.

भेकराची हाक

जनावरांचं मी सांगतो. मी पाटणकडचा, बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला बऱ्याच वेळा मचाणावर बसलोय.

भेकर आणि पिसोरी एकदम वेगळी, आजी शंभर टक्के बरोबर. भेकर म्हणजे बार्किंग डिअर, लालसर, शेळीएवढं, नराला छोटी शिंगं, आणि ओरडतं कुत्र्यासारखं. रात्री मचाणावर असताना एकाएकी दरीतनं ती हाक आली की अंगावर काटा येतो, कारण भेकर उगाच ओरडत नाही, बिबट्या नायतर कोळसुंदे आसपास असतात. पिसोरी मात्र सशापेक्षा थोडं मोठं, वजन तीन-साडेतीन किलो, शिंगंच नसतात, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, आणि नराला वरचे दोन सुळे बाहेर आलेले. इतकं लाजाळू की मी आयुष्यात दोनदाच बघितलंय, दोन्ही वेळा रात्री आणि दोन्ही वेळा दोन-तीन सेकंद. तुमच्या आजीनं ते बघून लक्षात ठेवलंय म्हणजे त्या खरंच रानात राहिलेल्या आहेत.

कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा, ढोल. तांबडा, शेपटीचं झुबकं काळं. भुंकत नाही, शीळ घालतो, कळपातले एकमेकांना शिट्टीनं बोलावतात. वाघ इथं फार वर्षं नावालाच होते तेव्हा बिबट्या आणि कोळसुंदा हेच या जंगलाचे शिकारी होते, मोठं सांबर पाडायचं काम कळपच करतो.

शेकरू तुम्हाला दिसायचा चान्स सगळ्यात जास्त, आपला राज्यप्राणी आहे. वर बघत चला, उंच झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचं फुटबॉलसारखं घरटं दिसलं की तिथं थांबायचं. एकच शेकरू तशी चार-पाच घरटी बांधतं. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, झाडावरनं झाडावर उडी मारतं, म्हणून फांद्या फांद्यांना लागलेल्या पाहिजेत. मधनं रुंद रस्ता काढला की शेकरूचं राज्य दोन तुकड्यात झालं असं समजा, यासाठी मी रस्ता रुंदीकरणाच्या प्रत्येक बातमीवर भांडतो.

खवल्या म्हणजे खवले मांजर. मुंग्या-वाळवी खातं, घाबरलं की गोल चेंडू होतं, आणि तेच त्याच्या मुळावर येतं कारण चेंडू झालेलं जनावर पोत्यात टाकायला काय लागतंय. त्याच्या खवल्यांची तस्करी होते. वाघाएवढंच कडक कायद्याचं संरक्षण आहे त्याला, शेड्युल एक.

आता थोरला. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा लोक म्हणायचे वाघ कुठंय. मे २०१८ मध्ये कॅमेऱ्यात आला, मग मधे गॅप, मग डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा आला. हे नर वाघ दक्षिणेकडनं राधानगरी, तिलारी, कर्नाटक असं रान धरून चालत येतात, पण वाघीण तेवढं लांब सहसा जात नाही, त्यामुळं नर येऊन एकटाच फिरायचा. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातनं वाघीण आणून चांदोलीत सोडली, गळ्यात रेडिओ कॉलर आहे तिच्या. तिचं नाव तारा. तुमच्या आजीला हे सांगाच, थोरलीण परत आलीय म्हणावं.

अजून एक, आजीनं चितळाचं नाव घेतलं नाही ते पण बरोबर आहे. चितळ इथलं मूळचं नाही, वाघाला खायला पाहिजे म्हणून सागरेश्वरवरनं आणून सोडलीत.

हिरडगोळा

मी पण आतल्याच एका गावचा. आमचं कुटुंब उठलं तेव्हा मी चौथीत होतो.

वरच्या दोघांनी चांगली माहिती दिली त्याबद्दल आभार. पण एक गोष्ट लिहायचीय आणि ती मनापासनं लिहितोय. गावं उठली म्हणून जंगल वाचलं असं सगळे म्हणतात, मला त्याचा त्रास होतो. १९८५ ला अभयारण्य झालं तेव्हा जे जंगल होतं म्हणून तर केलं ना, ते आम्ही तिथं राहत असतानाच होतं. प्रत्येक गावाला देवराई होती, तिथनं वाळलेली काटकी पण घरी आणायची नाही असा दंडक. वाघजाईला पहिला नैवेद्य दिल्याशिवाय माझी आजी शिकेकाई गोळा करायला जायची नाही. आमचं पोट बाळहिरडा, मध, शिकेकाई आणि डोंगरउतारावरची नाचणी यावर होतं.

आता खरं ते पण सांगतो. नाचणीच्या राबासाठी (म्हणजे रोपांच्या जागेवर पसरून जाळायला) ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडायचो, झाड नुसतं खांबासारखं उभं राहायचं. वणवा पण लागायचा, कधी मुद्दाम. शिकार पण व्हायची, नाही म्हणणार नाही. त्यामुळं आम्ही सगळे साधू होतो असं माझं म्हणणं नाही, पण आम्ही नसतो तर तिथं काय कुठं आहे हे सांगणारं पण कुणी नसतं.

आणि ताई, एक गोष्ट तुमच्या कामाची. तुम्ही आत गेलात की मधेच जंगल संपून मोकळी गवताळ जागा येते, पायऱ्या पायऱ्यांची. ती आमची शेतं आहेत, ताली आहेत. तिथं आता गवे चरतात. मी पाच-सहा वर्षांपूर्वी गेलतो तेव्हा आमच्या खाचरात अकरा गवे होते, मोठा काळा नर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. मी तिथं उभा राहून रडलो, पण वाईट वाटून रडलो का बरं वाटून ते मलाच कळलं नाही. ज्यांना घर सापडत नाही त्यांनी आंबा आणि फणस शोधायचा. जंगलात ओळीनं आंबे किंवा एकट्या जागी फणस दिसला की तिथं घर होतं.

भेकराची हाक

हिरडगोळा दादा, तुमचं म्हणणं मान्य. आणि खाचरांचं तुम्ही सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे, कारण या सदाहरित जंगलात खाली गवतच नसतं, काळोख ना, मग गवा-सांबर खाणार काय. तुमची जुनी शेतं हीच आता त्यांची कुरणं आहेत. पण ती आपोआप राहत नाहीत, दोन-चार वर्षं लक्ष दिलं नाही की रानमोडी आणि घाणेरी शिरते आणि गवत मरतं, ते झुडूप कुणी खात नाही. म्हणून वनखातं ते उपटायचं काम काढतं, आणि त्या कामाला वसाहतीतलीच माणसं असतात बऱ्याचदा, कारण कुठल्या तालीत काय उगवायचं ते त्यांनाच माहिती.

शिराळ्याचा प्रवासी

जायचं कसं ते मी सांगतो, बाकीचं जाणकारांनी सांगितलंच आहे. शिराळ्यावरनं वारणावती, तिथनं पुढं मणदूर. तिथनं आत. पावसाळ्यात पार्क बंद असतो त्यामुळं फेब्रुवारी चांगला. आत ठरलेल्या रस्त्यानंच गाडी आणि सोबत गाईड, कुठंही उतरून जंगलात चालत जाता येत नाही, आजींचं गाव रस्त्यापासनं आत असेल तर तिथपर्यंत जाता येईलच असं नाही, त्यामुळं आधी वनखात्याच्या ऑफिसला जाऊन सरळ सगळं सांगा की म्हातारी माणूस आहे, इथली आहे. मी माझ्या काकांसाठी असं सांगितलेलं, तिथल्या गार्डनं एवढं समजून घेतलं की गाडी हळू घेऊन त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला थांबत होता, आणि शेवटी काकाच त्याला माहिती द्यायला लागले.

झोळंबीच्या सड्यावर न्या त्यांना. जांभा दगडाचं मोकळं पठार आहे, कासच्या पठारासारखंच, फक्त गर्दी नाही. पावसाळ्याच्या शेवटी तिथं पण सीतेची आसवं, गेंद, सोनकी असतात पण तेव्हा लोकांना जाता येत नाही आणि मला तर ते बरंच वाटतं, कासला २०१२ ला जागतिक वारसा मिळाल्यावर फुलांपेक्षा गाड्या जास्त झाल्या, पठारावर मातीचा थर काही इंचांचा, एक पाय पडला की त्या जागेवरचं गेलं. फेब्रुवारीत सडा वाळलेला असेल, पण तिथनं सगळी दरी दिसते. पाणी आणि शाल बरोबर ठेवा, सकाळी गार असतं. फराळाचं प्लास्टिक परत आणा.

पानफूल

आता कारवी. ताई, भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. त्याच्या दुसऱ्या साली म्हणजे १९६८ चा पावसाळा.

कारवी ही उतारावर दाट वाढणारी झुडपं, तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती करायचे, वरनं शेण-माती. ती दरवर्षी फुलत नाही. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी त्या भागातली सगळी एकदम फुलते, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, मग बी धरते आणि सगळी वाळून जाते. पुढच्या पावसात जमिनीवर गालिच्यासारखी रोपं उगवतात आणि पुन्हा मोजणी सुरू. (कासची ती टोपली कारवी, ती वेगळी, तिची पाळी सात वर्षांची.)

१९६८ मध्ये आठ आठ मिळवत चला: ७६, ८४, ९२, २०००, २००८, २०१६, २०२४. आणि सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी २०१६ ला आणि २०२४ ला कारवी फुललेली आहे! प्रत्येक डोंगराची पाळी एकच असते असं नाही, मागंपुढं होतं, पण मला आजींच्या वाक्यावर शंका घ्यायला काही कारण दिसत नाही. एकच विचारायचंय, त्यांना विचारून सांगा, तेव्हा फुलं नुकती आलेली का उतरायला लागलेली?

वारणेकाठची

सर, दादा, सगळ्यांनाच मनापासनं धन्यवाद. काल रविवारी मामाकडं जाऊन सगळे रिप्लाय आजीला मोठ्यानं वाचून दाखवले. आई पण होती.

गेळ्याचं वाचलं तर आजी लगेच म्हणाली, "डोहात टाकायचो, पण आंडी घालायच्या दिसात न्हाय." पिसोरीचं वाचल्यावर तिनं हातानं उंची दाखवली, बरोबर तेवढीच. अंजनीची फुलं खोडाला येतात हे तिला माहिती होतं, फळं पण खायचे म्हणे, जीभ जांभळी व्हायची. ताराचं सांगितलं तर बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "एकलीच हाय का?" मी म्हटलं नर आधीचे आहेत. मग म्हणाली बरं.

हिरडगोळा दादा, तुमचं वाचताना मामा उठून बाहेर गेला. नंतर आत येऊन म्हणाला आपल्या दारात फणस होता, दोन खोडांचा, तो बघायचा. आता मामा पण येणार आहे.

आणि पानफूल सर, कारवीचं विचारलं. आजी म्हणाली फुलं भरात होती, माश्यांचा नुसता आवाज यायचा डोंगरातनं, आणि घट बसून तीन दिवस झालेले, चौथ्या माळेला आई झाली. आईच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६८ आहे, मास्तरांनी सगळ्याच पोरांची १ जूनच लावलेली. आई ऐकून आजीला म्हणाली, मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस. आजी म्हणाली, "तू इचारलंस कधी?"

माझ्या भावानं तिथंच मोबाईलवर १९६८ चं पंचांग शोधायला घेतलंय. वनखात्याच्या ऑफिसला मी बुधवारी जातेय, फेब्रुवारीची तारीख मिळाली की इथं टाकते.